शून्य गुणांची वस्ती

शहरात राहायच्या जागा दोनच प्रकारच्या असतात: एक, ज्या आपल्याला परवडत नाहीत, आणि दोन, ज्या आपल्याला का परवडतात ते अजून कळलेलं नाही. तिसराही एक प्रकार असल्याचं अधूनमधून कानावर येतं, पण ती जागा नेहमी मेव्हण्याच्या मित्राने घेतलेली असते, आणि तीही दहा वर्षांपूर्वी.

सोल शहरात हे सत्य शाळकरी पोरांनाही पाठ आहे. मेंग दल-सू मात्र एक्केचाळिसाव्या वर्षापर्यंत त्यापासून लांब राहू शकला, कारण तो भाड्याच्या घरात सुखी होता. सुखाचा पत्ता दर दोन वर्षांनी बदलायचा, एवढंच. सोयाबीन सॉसच्या बाटल्यांना झाकणं पुरवणाऱ्या कंपनीत तो हिशेब तपासायचा, त्याची बायको बोराम दातांच्या दवाखान्यात नोंदणीला बसायची. लग्नानंतर त्यांची सहा घरं झाली. सहाही घरमालकांनी किल्ली हातात देताना एकच अट घातली, की भिंतीला खिळा ठोकायचा नाही. त्यामुळे या दांपत्याचा लग्नातला भलामोठा फोटो इतकी वर्षं जमिनीवर, भिंतीला टेकून उभा होता. त्यांची मुलगी दा-ओल रांगायला लागली तेव्हा ती सरळ फोटोतल्या आईबापांकडे जायची आणि त्यांचे गुडघे चाटून परत यायची.

या उन्हाळ्यात घरमालकिणीचा फोन आला. तिच्या मुलाचं लग्न ठरलं होतं आणि चुसकच्या, म्हणजे सुगीच्या सणानंतर तिला घर रिकामं हवं होतं. मालकीण फोनवर फार गोड बोलली. (आमच्याकडे घर रिकामं करून घेताना लोक जितकं गोड बोलतात तितकं देताना बोलत नाहीत.)

"दा-ओलचे बाबा," बोराम म्हणाली, "पोरगी मार्चमध्ये पहिलीत जाणार. एकदा तिची शाळा सुरू झाली की मी जागची हलणार नाही. मला आता माझं घर हवंय. लहान चालेल, जुनं चालेल, चढावर असलं तरी चालेल. पण त्याच्या भिंतीत मी खिळा ठोकणार आणि कुणाला विचारणार नाही."

"किती मोठा खिळा?" दल-सूने विचारलं. हिशेब तपासायची सवय घरीही सुटत नाही.

"हातभर," बोराम म्हणाली.

आता, आमच्याकडे कुठलीही गोष्ट करायची तर आधी तिचा क्लास लावावा लागतो. पोहण्याचा क्लास असतो, मुलाखतीत हसण्याचा असतो, निवृत्तीनंतर डोंगर कसा चढावा याचाही असतो. पहिलं घर परवडणाऱ्या वस्तीत कसं घ्यावं याचा क्लास तर फारच नावाजलेला आहे. तो घेणाऱ्या गृहस्थांचं खरं नाव कुणाला माहीत नाही. ते 'संथ कासव' या नावाने लिहितात, आणि विद्यार्थी त्यांना कासव गुरुजी म्हणतात. हे नाव त्यांनी विचारपूर्वक घेतलं असणार. कासव हळू चालतं, शेवटी पोहोचतं, आणि घर जन्मतःच पाठीवर असल्यामुळे त्याला कर्जासाठी बँकेत जावं लागत नाही.

गुरुजींनी पहिल्याच तासाला वस्तीशास्त्राची मूलतत्त्वं सांगितली. प्रत्येक वस्ती कशाच्या ना कशाच्या छायेत असते आणि त्या छायेवर तिचा भाव ठरतो. मेट्रोच्या जवळ असेल तर स्टेशनछाया. शाळेच्या जवळ असेल तर शाळाछाया. टेकडी असेल तर वनछाया, आणि चांगलं कॉफीचं दुकान असेल तर कॉफीछाया. घरातल्या सपाता घालून जिथवर दूध आणायला जाता येतं, तिथवर सपाताछाया. कशाचीच छाया नसेल तर भरपूर ऊन येतं, आणि मग जाहिरातीत 'सूर्यप्रकाशाने न्हालेली' असं लिहितात.

अंतरं मोजायची ती जाहिरातीतल्या मिनिटात. गुरुजींच्या पाहणीनुसार शहरातल्या त्र्याहत्तर टक्के इमारती स्टेशनपासून पाच मिनिटांवर आहेत, आणि उरलेल्या सत्तावीस टक्के इमारती 'लवकरच होणाऱ्या' स्टेशनपासून पाच मिनिटांवर आहेत. दल-सूने स्वतः एका इमारतीपासून स्टेशनपर्यंत चालून पाहिलं तर त्याला अठरा मिनिटं लागली. गुरुजींनी त्याला प्रेमाने समजावलं की चूक मिनिटांची नसून त्याच्या पायांची आहे.

पण क्लासचा खरा कस लागायचा शनिवारी, वस्तीपाहणीला. मुलगी पाहायला लोक एकदा जातात. वस्ती पाहायला चारदा जावं लागतं: एकदा सकाळी, एकदा संध्याकाळी, एकदा पावसात आणि एकदा निवडणुकीच्या तोंडावर. पाहणीचे नियम छापील होते, आणि ते असे:

एक. चाळीस जणांनी एकत्र जावे, परंतु एकमेकांना ओळखत नसल्यासारखे चालावे. (चाळिसांच्या पाठीवर तीच छोटी पिशवी, पायात गुरुजींनी सुचवलेले तेच करडे बूट. वस्तीतली कुत्रीसुद्धा एकावर भुंकून उरलेल्या एकोणचाळिसांना सोडून द्यायची.)

दोन. रिकामी बाबागाडी सोबत न्यावी आणि चढावर ढकलून पाहावी. जिथे दम लागतो तिथून भाव उतरू लागतो.

तीन. कचरा टाकण्याच्या जागी जाऊन रिकामी खोकी पाहावीत. भेटीदाखल आलेल्या फळांची खोकी जास्त असतील तर वस्ती आपल्या आवाक्याबाहेरची. नूडल्सची जास्त असतील तर पुढे बोलता येईल.

चार. पार्किंगमध्ये मिरच्या वाळत घातलेल्या दिसल्या तर तिथूनच माघारी फिरावे. जिथे माणसं गाडीच्या जागेवर मिरच्या वाळवतात त्या वस्तीला महत्त्वाकांक्षा नसते.

पाच. दलालाच्या दुकानात जोडीने जावे. मात्र खऱ्या नवरा-बायकोने एकत्र जाऊ नये. ते दलालासमोर भांडतात आणि अभ्यासाचा खोळंबा होतो.

पाचव्या नियमामुळे जोड्या चिठ्ठ्या टाकून ठरत. बोरामच्या वाट्याला बँकेतून निवृत्त झालेले मोक साहेब आले. त्यांनी पहिल्या तीन दुकानांत 'ही आमची मंडळी' अशी तिची ओळख करून दिली आणि चौथ्या दुकानात तिच्या हातच्या किमचीबद्दल तक्रारही केली. बोराम त्या संध्याकाळी दल-सूला म्हणाली, "तुमच्याशी लग्न केलं ते बरं केलं म्हणायचं." अकरा वर्षांत असं वाक्य ऐकल्याचं दल-सूला आठवेना, त्यामुळे क्लासच्या फीचं त्याला काही वाटलं नाही.

पाहणीनंतर एकेकाने उभं राहून अहवाल वाचायचा आणि सगळ्यांनी मिळून वस्तीला शंभरपैकी गुण द्यायचे. ज्या वस्तीला शंभर गुण मिळतात ती परवडत नाही, आणि जी परवडते तिला गुण मिळत नाहीत. या दोन्हींच्या मध्ये एक नेमका बिंदू आहे, तिथे घर घ्यावं, असं गुरुजींचं सांगणं होतं. तो बिंदू ते प्रत्येक तासाला फळ्यावर काढत आणि तास संपला की पुसत.

असे दोन महिने गेले. दल-सूला शहरातल्या सर्व छाया तोंडपाठ झाल्या, पोटऱ्या बैलासारख्या झाल्या आणि सण जवळ आला. घर मात्र मिळालं नाही. मग एका बुधवारी, काही अभ्यास न करता, त्याला ते सापडलं.

तो कामावरून परतताना बसमध्ये झोपला आणि शेवटच्या थांब्यावर ड्रायव्हरने त्याला उठवलं. समोर लहानशी चढण, पाच मजल्यांच्या जुन्या इमारती, त्यांच्यामागे शाळा, शाळेच्या फाटकाशी एक बेकरी. पर्सिमनची झाडं टोमॅटोएवढ्या केशरी फळांनी लगडली होती आणि ती कुणी तोडत नव्हतं. कोपऱ्यावर घरदलालाचं दुकान होतं. आत गुक मावशी बसल्या होत्या. वय सत्तरीचं, केस कुरळे करून घेतलेले, समोर कागदी पेल्यात कॉफी.

"घ्यायचंय की बघायचंय?" मावशींनी मान वर न करता विचारलं.

"बघून घ्यायचंय."

"म्हणजे बघायचंय." मावशींनी त्याच्या पायांकडे पाहिलं. "बूट क्लासचे आहेत. चला, तुमचा गृहपाठ पूर्ण करू."

चौथ्या मजल्यावरचं ब्योन आजोबांचं घर विकायचं होतं. आजोबा लेकीकडे राहायला जाणार होते. दोन खोल्या, एक छोटी गच्ची, स्वयंपाकघराच्या खिडकीतून शाळेचं मैदान दिसायचं. किंमत दल-सूच्या ऐपतीच्या अगदी काठावर येऊन थांबत होती. दुसऱ्या दिवशी बोराम आली. ती घरभर फिरली, नळ सोडून पाहिले, आणि मोठ्या खोलीतल्या भिंतीवर तळहात टेकवून उभी राहिली.

"आजोबा, इथे खिळा ठोकला तर भिंत धरेल का?"

"तू घर घेतलंस की भिंत तुझी, बाळ. धरेल नाहीतर पडेल. मला विचारायचं काम नाही."

बोरामच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने ते लपवलंही नाही. गुक मावशींनी सोमवारपर्यंत विसार द्यायला सांगितलं आणि जाताना दोघांना दोन पर्सिमन दिले. बसमध्ये बोराम फोटो कुठल्या उंचीवर लावायचा ते हाताने हवेत दाखवत होती.

इथवर कुठल्याही शहरातला माणूस येऊन पोहोचला असता. इथून पुढचं काम मात्र आमच्याच माणसाला जमतं.

त्या रात्री दल-सूला प्रश्न पडला, की घर इतकं चांगलं आहे तर ते मला परवडतं कसं? त्याने कारण शोधलं. पाणी ठीक, शाळा ठीक, चढ सोसण्यासारखा. कारण सापडेना, आणि कारण सापडत नाही म्हणजे ते फार मोठं असणार, या विचाराने तो घाबराघुबरा झाला.

"शनिवारी क्लासला दाखवू," तो म्हणाला. "चाळीस जणांनी बरं म्हटलं की डोळे मिटून घेऊ."

"मला बरं वाटलंय त्याचं काय?"

"ते धरलंय ना त्यात. तुझं एक मत आहेच."

बोराम उठून दा-ओलला झोपवायला गेली.

शनिवारी सकाळी बसच्या शेवटच्या थांब्यावर चाळीस जण उतरले आणि एकमेकांना न ओळखता चढण चढू लागले. पुढे दोन रिकाम्या बाबागाड्या. खोकी तपासली गेली. पर्सिमनच्या झाडांचे फोटो काढले गेले. मोक साहेबांनी शाळेच्या फाटकापासून जिन्यापर्यंत पावलं टाकून अंतर मोजलं आणि मोठ्याने शीळ घातली. ही शीळच भोवली असं पुढे काही विद्वानांचं मत पडलं.

कारण तोवर वरच्या खिडक्या उघडल्या होत्या. रहिवाशांच्या ध्यानात आलं की आपल्याकडे लोक बघायला आले आहेत. आपल्यात बघण्यासारखं काय आहे ते त्यांना ठाऊक नव्हतं, पण चाळीस माणसं उगाच येत नाहीत, हे त्यांनाही कळत होतं. अकराच्या सुमाराला तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी गुक मावशींना फोन करून आपलं घर विक्रीतून काढून घेतलं. जेवणाच्या वेळेपर्यंत आणखी सहा जणांनी काढून घेतलं. दुपारी महिला मंडळाची तातडीची सभा होऊन जिन्यात सूचना लागली, की स्वस्तात घर विकून शेजाऱ्यांचं नुकसान करू नये, आणि गच्चीच्या कठड्यावर गाद्या वाळत टाकू नयेत. संध्याकाळी गेटवर कापडी फलक चढला: 'आमची खरी किंमत आम्हाला कळली आहे.' इमारतीचं नाव बदलण्याचा ठरावही मांडला गेला. जुनं नाव एका फुलाचं होतं. नवीन नावात रॉयल, लेक, फॉरेस्ट आणि सेंट्रल हे चारही शब्द घ्यायचे ठरलं. तळं तेवढं शोधायचं बाकी होतं.

क्लासने वस्तीला शंभरपैकी एक्क्याण्णव गुण दिले. तो त्या तुकडीचा उच्चांक होता. मोक साहेबांनी त्याच दुपारी दुसऱ्या मजल्यावरचं घर चढ्या भावाने घेऊन टाकलं आणि दल-सूला मिठी मारली. गुरुजींनी दल-सूला 'उत्कृष्ट निरीक्षक' असं प्रशस्तिपत्र दिलं, तेही चौकटीत बसवून. घरी आणून ते फोटोशेजारी भिंतीला टेकवून ठेवावं लागलं.

सोमवारी विसार घेऊन दल-सू गेला तेव्हा ब्योन आजोबा गुक मावशींच्या दुकानातच बसले होते. बिचारे ओशाळलेले होते.

"माझा इलाज नाही रे," आजोबा म्हणाले. "चाळीस जण बघायला आले म्हणजे घरात काहीतरी असणार. मी तीस वर्षं राहिलो, मला कुणी सांगितलंच नाही. आता लेक म्हणते, थांबा थोडं."

"एकटा यायचास की," गुक मावशी म्हणाल्या. "एवढी माणसं हल्ली लग्नाला येत नाहीत."

घरी बोरामने सगळं ऐकून घेतलं. ती ओट्याशी उभी राहून तांदूळ धूत होती आणि ते धुऊन झाले तरी धूतच राहिली. दल-सूला वाटलं, आता ती ओरडेल. त्याला ते चाललं असतं.

"मला राग नाही आला," शेवटी ती म्हणाली. "मला ते घर आवडलं होतं."

दल-सू मनापासून लाजला होता, आणि लाज वाटल्यावर काय करायचं याचा क्लास त्याने लावलेला नव्हता.

पुढचं काम बोरामने हातात घेतलं. दवाखान्याला सुटी असेल त्या दिवशी ती दा-ओलला बरोबर घेऊन निघायची, साध्या चपला घालून, पिशवीशिवाय. तिसऱ्या खेपेला तिला ओढ्यापलीकडे एक वस्ती सापडली. चढ पहिल्या वस्तीच्या दुप्पट. बाजाराच्या टोकाला तिळाचं तेल काढणारा घाणा, त्यामुळे गल्लीभर खमंग वास. सकाळी म्हातारी मंडळी बागेत रेडिओ मोठ्याने लावून जुनी गाणी म्हणायची. आणि पार्किंगभर लालभडक मिरच्या पसरलेल्या. एक आजी त्या काठीने उलटवत होती. दा-ओलने तिच्याकडून काठी मागून घेतली आणि तासभर दिली नाही. तिसऱ्या मजल्यावर एक घर विकाऊ होतं. बोरामने दल-सूला बोलावून घेतलं आणि बजावलं, "या वेळी चढ चढायचा, घर बघायचं आणि तोंड मिटून खाली उतरायचं."

तोंड मिटून राहणं मात्र नियमात बसत नव्हतं. प्रत्येक विद्यार्थ्याने पाहिलेल्या प्रत्येक वस्तीचा अहवाल क्लासला द्यायचा असा करार होता, आणि त्यातही दैव असं की येत्या शनिवारची पाहणी ओढ्यापलीकडेच ठरली होती. बोराम गुरुवारच्या तासाला उभी राहिली.

तिने अहवाल दिला तो अक्षरशः खरा होता. चढ असा आहे की बाबागाडी ढकलणाऱ्यालाच बाबागाडीत बसवावं लागेल. तेलाचा वास कपड्यांत, केसांत आणि उशीत शिरतो. सकाळी साडेपाचला म्हातारे गातात, आणि एका आजोबांना सूर नाही पण दम भरपूर आहे. स्टेशन जाहिरातीतल्या मिनिटांनीसुद्धा लांब आहे. "आणि पार्किंगमध्ये," ती आवाज खाली आणून म्हणाली, "मिरच्या आहेत."

वर्गात सुस्कारा उठला. मतदान झालं. ओढ्यापलीकडच्या वस्तीला शंभरपैकी शून्य गुण मिळाले. शनिवारची पाहणी रद्द झाली. कासव गुरुजींचे डोळे पाणावले होते. "असा अहवाल," ते चष्मा पुसत म्हणाले, "प्रत्येक तुकडीत एकदाच ऐकायला मिळतो." दल-सूने तेव्हा या वाक्याचा फारसा विचार केला नाही.

सणाच्या आधी ते राहायला गेले. बोरामने पहिल्या दिवशी, सामान सोडायच्याही आधी, खिळा ठोकला. तो वाकला. दुसरा ठोकला, तो भिंतीत गेला पण भलत्याच जागी. एकंदर सात खिळे ठोकून झाल्यावर फोटो वर चढला. उरलेल्या सहा खिळ्यांवर काहीही लावायचं नव्हतं, पण एकही काढायला ती तयार होईना. संध्याकाळभर ती त्यांच्याकडे बघून हसत होती, आणि दल-सू तिच्याकडे बघत होता.

नवीन घरात गेल्यावर शेजाऱ्यांना लाल चवळीचे तांदळाचे केक वाटायची आमच्याकडे रीत आहे. दल-सू ताट घेऊन निघाला. पहिल्या मजल्यावरचं दार उघडलं आणि त्याची नजर दारातल्या चपलांच्या खणाकडे गेली. तिथे करडे बूट होते. समोरच्या घरातही करडे बूट होते. दुसऱ्या मजल्यावर तर दोन जोड.

"कितवी तुकडी?" दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी केक घेता घेता विचारलं. "आम्ही सहावी. मी म्हाताऱ्यांच्या गाण्यांवर शून्य मिळवलं होतं. तुम्ही?"

"मिरच्यांवर," दल-सू कसाबसा म्हणाला.

"मिरच्या छानच. त्या कधी वाया जात नाहीत."

पाचव्या मजल्यावर दार उघडलं ते कासव गुरुजींनी. अंगात घरचा ढगळ पायजमा, तोंडात दात घासायचा ब्रश. त्यांनी ब्रश काढला, ताटातले दोन केक उचलले आणि म्हणाले, "या, या. यंदा जरा उशीरच झाला तुमच्या तुकडीला. पहिल्या तुकडीत मीच शून्य गुण दिले होते, बरं का. हात वर करणारा मी एकटाच होतो, पण विद्यार्थ्यांनी ऐकलं."

तर अशा रीतीने सर्व शहराने नापास केलेल्या त्या वस्तीत सर्व शहरातले हुशार लोक राहत होते. वस्तीची एक 'दर्जा संरक्षण समिती' होती. दर्जा आहे तिथेच राखणं, म्हणजे वर जाऊ न देणं, हे तिचं कार्य. दुसऱ्या कुठल्या क्लासची पाठीवर पिशव्या असलेली माणसं शनिवारी ओढ्याच्या पुलावर दिसली की समितीला कळवलं जाई, आणि प्रत्येक सदस्य नेमून दिलेल्या कामाला लागे. पहिल्या मजल्याने मिरच्या पसरायच्या. (हिवाळ्यात मिरच्या नसतात तेव्हा लाल कापडाच्या चिंध्या. लांबून कळत नाही.) दुसऱ्याने कठड्यावर गाद्या टाकून त्या जोरजोराने बडवायच्या. सूर नसलेल्या आजोबांना शनिवारी दुपारीही गाण्याची विनंती करायची; ते विनंतीची वाट पाहत नसत. मिरच्यावाल्या आजींना या सगळ्याची फार गंमत वाटे. "चाळीस वर्षं मी मिरच्या वाळवतेय," त्या म्हणत, "आता त्याला समिती आहे."

दल-सूला नवीन म्हणून अंगमेहनतीचं काम मिळालं. पाहुणे आले की त्याने त्यांच्यापुढे पंधरा पावलांवर चढ चढायचा, मध्येच कठड्याला धरून थांबायचं, छातीवर हात ठेवायचा आणि ऐकू येईल असं म्हणायचं, "काय दुर्बुद्धी सुचली आणि इथे घर घेतलं." हे काम तो फार मन लावून करायचा. पहिल्या महिन्यात दोन पाहणी पथकं अर्ध्या वाटेवरून परत गेली, आणि एका दयाळू बाईने त्याला पाण्याची बाटली दिली.

पण माणूस घराचा मालक झाला की त्याला आणखी एक रोग लागतो. दल-सू दररोज जेवण झाल्यावर फोनवर आपल्या इमारतीचा भाव बघू लागला. भाव रोज तोच असायचा. इतक्या मेहनतीने तो तिथे राखला होता, तरी दल-सूला वाईट वाटायचं. वसंत ऋतूतल्या सभेत तो घसा साफ करून उभा राहिला.

"माझी आपली एक सूचना," तो म्हणाला. "एखाद्या शनिवारी मिरच्या थोड्या कमी पसरल्या तर? चाचणी म्हणून."

सभेत कुणी हसलं नाही, आणि गुरुजी चष्मा पुसू लागले, तेव्हा दल-सूच्या लक्षात आलं की प्रत्येक जण रोज जेवणानंतर फोनवर भावच बघतो.

"दा-ओलचे बाबा," मागून बोराम म्हणाली, "वाढला समजा. विकणार? विकून पुन्हा कुठे जाणार? पोरीला शाळेत मैत्रिणी झाल्यात. खाली बसा."

दल-सू खाली बसला. ठराव बारगळला. मात्र सभेनंतर जिन्यात तिघांनी त्याचा हात वेगवेगळा, हळूच दाबला.

सदर वस्तीचं नाव या मजकुरात दिलेलं नाही, ते जागेअभावी. चढ फार आहे, वास येतो, आणि आजोबा आता इंग्रजी गाणीही म्हणू लागले आहेत. इतकं सांगूनही ज्या वाचकांनी ओढा, घाणा, बाग असे तपशील वाचता वाचता मनात टिपून ठेवले, आणि 'तिथे सध्या दर काय चाललाय?' असं ज्यांच्या मनात येऊन गेलं, त्यांना कळवण्यास खेद होतो, की तो दर तुमच्या मनात हा प्रश्न येईपर्यंतच होता.